उजेडाची भोकं

१

खारीवांढेत वैशाखातल्या दुपारी कुणी कुणाशी बोलत नाही. बोललेलं पोचतच नाही. वारा मधल्या मध्ये उचलतो आणि पलीकडच्या मिठाच्या रणात नेऊन टाकतो. माणसं दारं लावून आत बसतात, म्हशी भिंतीच्या आडोशाला तोंडं खुपसून उभ्या राहतात, आणि वर कौलं दिवसभर कुरकुरत असतात. टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा गावातली म्हातारी मंडळी हसली होती. इथं वारा आहे हे कळायला सरकारला एवढी वर्षं लागली, म्हणाली.

अशाच एका दुपारी लाछबाई सूप घेऊन बाजरी निवडत बसली होती. समोर जमिनीवर उन्हाचा एक ठिपका पडला होता. सकाळी तो नव्हता. म्हणजे वाऱ्यानं वरचं कौल सरकवलं. तिनं मान वर करून भोक हेरलं, उठून कोपऱ्यातली काठी घेतली, आणि चिंधी गुंडाळलेलं तिचं टोक त्या भोकातून वर सारून दोनदा हलवलं. मग काठी जागच्या जागी ठेवून ती पुन्हा सुपाशी येऊन बसली.

बाजरीतला खडा बाजूला काढताना तिच्या लक्षात आलं, की आपण हे काय केलं. वर कोण बसलंय कौल लावायला? वेरशी गेला त्याला आता वर्ष होईल. याच छपरावरून पडून गेला.

हात आपले सवयीचे गुलाम, असं म्हणून तिनं सुस्कारा टाकला. काठी दिसली की हातात येते, भोक दिसलं की वर जाते. त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?

फक्त तो ठिपका आता जमिनीवर नव्हता.

तिनं सूप खाली ठेवलं आणि वर पाहिलं. भोक बुजलं होतं. वाऱ्यानंच सरकवलं आणि वाऱ्यानंच बसवलं, ती स्वतःशी म्हणाली. एवढा सगळं विस्कटत हिंडतो, तर चुकून एखादं काम नीटही करत असेल मेला.

२

वेरशी कौलं शाकारायचा. खारीवांढेत आणि आसपासच्या वस्त्यांत घरं सगळी नळीच्या कौलांची. एक कौल उताणं, त्याच्या कडेवर दुसरं पालथं, असं वळचणीपासून आढ्यापर्यंत. वाऱ्यानं, मोरांनी, मांजरांनी ती हलतात, आणि पावसाआधी सगळं छप्पर एकदा हातांखालून घालावं लागतं. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. एकानं वर बसायचं आणि दुसऱ्यानं खाली, अंधाऱ्या खोलीत, दार लावून. भोक असेल तिथून उजेड दिसतो. खालच्यानं तिथून काठीचं टोक वर काढायचं. वरच्यानं ते टोक बघून कौल बसवायचं आणि बोटाच्या पेरानं त्यावर एकदा ठोकायचं. झालं, पुढचं दाखव.

हाका मारून उपयोग नसे. वाऱ्यात हाक वर जात नाही आणि खाली येत नाही.

खाली बसायची ती लाछबाई. लग्न होऊन आली त्याच उन्हाळ्यात सासऱ्यांनी तिच्या हातात काठी दिली. गावच्या बाया चिडवायच्या, ‘लाछ, तुझा नवरा तेवढा रोज डोक्यावर चढून बसतो गं.’ ती म्हणायची, ‘बसू दे की. तुमचे तर घरात बसतात आणि तरी दिसत नाहीत.’ दिवसभर दोघांमध्ये एक शब्द होत नसे. काठी वर जायची, वरून ठोका यायचा. संध्याकाळी तो उतरला की चेहरा मातीनं लाल आणि बोलायला घसाच नसे. तरी तिला वाटायचं, की आपल्याइतकं बोलणारं जोडपं पंचक्रोशीत नसेल.

वेरशी गेल्यावर त्याचा धाकटा भाऊ पचाण ते काम बघू लागला. त्याचं घर लाछबाईच्या घराला भिंतीला भिंत लागून. त्या ठिपक्यानंतर चार-दोन दिवसांनी तो अंगणात येऊन उभा राहिला आणि डोळ्यांवर हात धरून छपराकडे बघू लागला.

"भाभी, छपरावर कोण चढलं होतं?"

"कोण चढणार? मी चढले असेन मोर होऊन."

"मस्करी नाही करत. कालच्या वाऱ्यानं सगळ्या गावाची कौलं विस्कटलीत. माझी स्वतःची निम्मी अंगणात आलीत. तुमच्या छपरावर एक कौल तिरकं नाही."

"तुझ्या भावानं बसवलेली आहेत. तुझ्यासारखी उरकायची म्हणून नव्हे."

पचाण हसला. भावाचं कौतुक त्याला कधी टोचलं नाही. "भावाचं काम सोन्यासारखं, पण कौलं मातीची आहेत. त्यांचं वय झालंय. बोटानं दाबलं तर पापुद्रे निघतात. आता अशी नळीची कौलं भाजणारा कुंभारही उरला नाही. मोरबीहून यंत्राची चपटी कौलं येतायत, वारा ती हलवत नाही. तुमची झवेर बाळंतपणाला माहेरी यायच्या आत सगळं छप्पर उतरवतो आणि नवं चढवतो. ओल्या बाळंतिणीच्या अंगावर कौलाचा तुकडा पडला तर?"

"बघू," लाछबाई म्हणाली.

"बघू काय? तुम्हीच तर महिन्याभरापूर्वी मागं लागला होतात."

ते खरं होतं. लाछबाईला स्वतःलाच कळेना की आपण बघू का म्हणालो.

३

दुसऱ्या दिवशी तिनं दुपार होण्याची वाट पाहिली. वारा चढला. न्हाणीच्या बाजूला एक बारीक किरण उतरला आणि त्यात धूळ तरंगू लागली. ती काठी घेऊन त्याच्याखाली उभी राहिली. मनात म्हणाली, बाई, तू शहाणी आहेस, मुलीचं लग्न केलंस, नातवंड यायचंय, आणि दुपारच्या वेळी हे काय पोरखेळ मांडलेस? असं म्हणत म्हणतच तिनं काठी वर सारली.

कौलावर कौल घासल्याचा आवाज झाला. खर्रर्र, मग थांबून थोडंसं उलट, खर्र. कौल बसवताना आधी पुढं आणि मग चिमूटभर मागं घ्यायची पद्धत एकाच माणसाची होती. किरण मिटला. आणि वरून पेराचा एक ठोका आला.

लाछबाईनं काठी खाली ठेवली. भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी तिला रडू आलं, आणि रडण्याच्याही आधी, एक क्षणभर, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात व्हायचा तसा आनंद झाला.

मग ते रोजचंच झालं. दुपारी दार लावायचं, भोक शोधायचं, काठी वर करायची. ठोका आला की ती बोलायची. वाऱ्यात ऐकू जात नाही हे ठाऊक असून बोलायची. म्हैस आटत आलीय. जावयानं नवी मोटारसायकल घेतली. झवेरला आंबट लागत नाही, गोड लागतं, म्हणजे मुलगी होणार म्हणतात. भोक सापडलं नाही तर ती काठीनं एखादं कौल जरासं उचकटायची, आणि वर खर्रर्र व्हायचं.

पचाण नव्या कौलांचं विचारी तेव्हा ती सांगे, बाळंतपण होऊन जाऊ दे. कौलं उतरवली तर वर बसायला काय उरणार, हा विचार ती पूर्ण करत नसे. छप्पर गेलं की ठोका गेला, एवढं तिला कळत होतं. तो ती एकदा गमावून बसली होती. दुसऱ्यांदा स्वतःच्या हातानं कोण गमावील?

४

झवेर आली ती दारातच थबकली.

"मा, घर एवढं अंधारं कसं झालं?"

"बाहेरून आलीस म्हणून वाटतं तसं. उन्हातून आलं की सगळंच अंधारं दिसतं."

"नाही गं. चुलीवर उजेड पडायचा तो कुठं गेला?"

चुलीच्या वर एक काचेचं कौल होतं. झवेर लहान असताना तिला अंधाराची भीती वाटायची, म्हणून वेरशीनं मुद्दाम आणून बसवलं होतं. लाछबाईनं वर पाहिलं. काच काळी दिसत होती. तिच्यावर एक मातीचं कौल पालथं घातलेलं होतं. हे तिनं सांगितलं नव्हतं. तिथं तिनं काठी कधीच लावली नव्हती.

पचाण शिडी लावून चढला, ते कौल काढून घेऊन उतरला आणि हातात उलटंसुलटं करून बघू लागला.

"गोठ्यावरचं आहे," तो म्हणाला. "वाऱ्यानं गोठ्यावरून उडून इथं आलं, तेही पालथं पडलं आणि फुटलं नाही. आणि खालच्या टाचेला खापराची कपची लावून घट्ट बसलं. भाभी, टाचेला कपची कोण लावायचं?"

"मला काय विचारतोस?"

"तुम्हालाच विचारतोय."

लाछबाई चुलीत फुंकर घालायला वाकली. डोळ्यांत धूर गेला हे बरंच झालं.

दुसऱ्या दुपारी काच पुन्हा झाकली गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी चिमण्या अंगणात वेड्यासारख्या घिरट्या घालू लागल्या. भिंत आणि वळचण यांच्यामधल्या फटीतून त्या आत यायच्या, वाशाच्या बेचक्यात त्यांचं घरटं होतं. ती फट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कौलांच्या तुकड्यांनी बुजवलेली होती, बाहेरून, एकावर एक, वाळूचा कणसुद्धा जाणार नाही अशी. घरट्यातली पिलं दोन दिवस चिवचिवत होती. मग थांबली.

लाछबाई भर दुपारी खोलीच्या मध्यभागी उभी राहून हळूच म्हणाली, "झवेरचे बापा, पुरे आता. भोकं बुजली सगळी."

वरून लगेच ठोका आला. आणि त्यापाठोपाठ खर्रर्र, कुठंतरी आढ्याजवळ.

तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, की वर जो कोणी आहे त्याला ती माहीत नाही, झवेर माहीत नाही, घरही माहीत नाही. त्याला एवढंच माहीत आहे की उजेड दिसला की तो बुजवायचा. आयुष्यभर तेच काम केलं, आणि त्याच्यातलं एवढंच उरलं. तरी दुसऱ्या दिवशी पचाणनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाळंतपण होऊ दे." माणसाचा जीव असा चिवट असतो, काय करणार?

५

त्या दिवशी वारा सकाळपासूनच होता. चुलीवर चवळी शिजत होती. झवेर चुलीशेजारच्या खोलीत डाव्या कुशीवर झोपली होती, पाय सुजलेले. लाछबाई ताक आणायला पचाणच्या घरी गेली आणि वाळू आत येऊ नये म्हणून जाताना दार ओढून घेतलं. पचाणच्या बायकोनं बोलण्यात गुंतवलं, कोण कुणाबरोबर पळून गेली त्याची गोष्ट होती, ती पुरी झाल्याशिवाय निघणं काही बरं दिसलं नसतं.

परत येऊन तिनं दार उघडलं तर आत काही दिसेना. धूर. नुसता धूर, दारातून तो बाहेर लोटला आणि वाऱ्यानं फाडून नेला. चुलीच्या वर धुराडं होतं. कौलांच्या दोन ओळी उचलून ठेवलेली ती जागा घर बांधलं तेव्हापासून कुणी बंद केली नव्हती. लाछबाईनं वर पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. ताकाचं भांडं उंबऱ्याबाहेर ठेवून, पदर तोंडाला लावून ती आत शिरली, चाचपडत झवेरच्या काखेत हात घातले आणि तिला ओढत अंगणात आणलं.

झवेरचे डोळे मिटलेले होते. ओठ निळसर. लाछबाईनं तिच्या तोंडावर ताक ओतलं, पाणी म्हणून हाताशी तेच होतं. पचाण भिंतीवरून उडी मारून आला. मग झवेर खोकली, तिनं वाकून उलटी केली, आणि पहिलं काय केलं असेल तर दोन्ही हात पोटावर ठेवले.

"हलतंय," ती म्हणाली. "मा, हलतंय."

लाछबाईनं तिचं डोकं उराशी धरलं आणि ती छपराकडे बघत राहिली. धूर आत कोंडला होता, आणि वरची कौलं इतकी नीट बसलेली, की त्यांतून एक रेघही बाहेर येत नव्हती.

६

झवेरला पचाणच्या घरी नेऊन निजवलं. सुईणीनं येऊन पोट चाचपलं, ठीक आहे म्हणाली. पचाणनं शिडी खांद्यावर घेतली.

"आता उद्या नाही आणि परवा नाही. आत्ता उतरवतो सगळी."

"तू वर चढू नकोस," लाछबाई म्हणाली. "आधी मी सांगते."

"कुणाला?"

तिनं छपराकडे पाहिलं. पचाणनं शिडी हळूच जमिनीवर ठेवली. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "भाभी," तो म्हणाला, "माझा राम राम सांगा."

ती आत गेली आणि तिनं दार लावलं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत हाताला हात दिसेना. धुराचा वास अजून होता. वाऱ्याच्या आवाजाखाली, आढ्यापाशी, खर्रर्र, मग थांबून खर्र. अजून काम चालूच होतं.

"ऐकलंत का?" ती म्हणाली. "थांबा जरा."

वरून ठोका आला.

"आपली झवेर आज मरत होती. पोटातल्या जिवासकट."

ठोका आला. झालं, पुढचं दाखव.

तेव्हा लाछबाईनं काठीच्या टोकाची चिंधी ओरबाडून काढली आणि काठी दोन्ही हातांनी धरून वर मारली. तिनं जन्मात कौल फोडलं नव्हतं. कौल फुटलं की शाकारणाऱ्याच्या घरचा माणूस जिभेला चावा घेतो. पहिल्या घावानं तडा गेला, दुसऱ्यानं तुकडे तिच्या खांद्यावर आणि पायांपाशी पडले, आणि उन्हाचा खांब खाली उतरला.

भोकातून बोटं आत आली.

चार बोटं, लाल मातीनं माखलेली, तुटलेल्या कौलाची कड चाचपत. तिनं ती ओळखली. कुणाच्याही आधी तिनं ती ओळखली असती. मग मनगट दिसलं. ते बाहेरच्या बाजूला दुमडलेलं होतं, कुणाचंच मनगट वळत नाही तसं. अंगणात तो पडला होता तेव्हा त्याचा हात असाच अंगाखाली आला होता. तसलं मनगट घेऊन तो इतके दिवस कौलं बसवत होता. आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं.

किंचाळावं असं तिला वाटलं, आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घ्यावा असंही वाटलं. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही. काठीचं टोक फक्त बोटांपाशी नेलं. बोटांनी ते धरलं. काठीला ओझं आलं.

खारीवांढेत बायका नवऱ्याचं नाव तोंडात घेत नाहीत. चितेपाशीसुद्धा तिनं घेतलं नव्हतं. पण झवेरच्या बापाला हाक मारून भागत नव्हतं. वर काम करणारा तो कुणाचाच बाप राहिला नव्हता.

"वेरशी," ती म्हणाली.

कौलांचा आवाज थांबला.

"वेरशी, तुम्ही पडलात. गेल्या जेठात. शेवटचं भोक मी दाखवलं, तुम्ही ते बुजवलंत, आणि मी ठोक्याची वाट बघत बसले. ठोका आलाच नाही. तुम्ही घसरत गेलात ते मी इथं बसून ऐकलं, पार वळचणीपर्यंत, आणि मग अंगणात. मी धावत आले तोवर सगळं संपलं होतं. आपल्या पचाणनं अग्नी दिला." तिनं काठी घट्ट धरली. "तुमचं काम राहिलेलं नाही काही. मीच लबाडी केली. मला करमत नव्हतं, म्हणून मी उगाच काठी वर केली आणि तुम्हाला राबवलं. माझा ठोक्यावाचून जीव लागत नव्हता हो."

मग बोटं सैल झाली. एकेक करून, काळजीनं, काठी खाली पडून कुणाला लागू नये अशी. हात वर गेला. भोकातून नुसतं आभाळ दिसू लागलं.

आणि छपरावर काहीतरी घसरायला लागलं.

हा आवाज ती वर्षभर ऐकत होती, जेवताना, म्हैस पिळताना, डोळे मिटले की. कौलांवरून अंगाचं ओझं, खडखड करत, आढ्यापासून उतारावर, तिच्या डोक्यावरून पुढं, वळचणीकडं. तिनं डोळे गच्च मिटले, दात आवळले, आणि त्याच्यानंतरच्या आवाजासाठी सगळं अंग घट्ट करून उभी राहिली. त्याला आपण पुन्हा पाडलं, एवढाच विचार डोक्यात होता. सांगितलं नसतं तर पडला नसता.

आवाज वळचणीपाशी आला आणि संपला.

ती वाट बघत राहिली. वारा वाहत होता. अंगणात काही आपटलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं दार उघडलं. वळचणीखाली जमीन मोकळी होती. वाऱ्यानं वाळूवर काढलेल्या रेघा तशाच होत्या, कुठं मोडलेल्या नव्हत्या. ऊन इतकं होतं की तिला डोळ्यांवर हात धरावा लागला. भिंतीपलीकडून झवेरची घाबरी हाक आली, वाऱ्यात तुटत तुटत.

"मा, ते काय घसरलं? कोण पडलं?"

"कुणी पडलं नाही गं," लाछबाई म्हणाली. "तुझे बापा उतरले."